एअर रायफलला मानवणारा छर्रा कसा शोधावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान १० मीटर एअर रायफल नेमबाजांसाठी, म्हणजे ४.५ मिमी नळीच्या, हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या मॅच रायफलींसाठी आहे. वरळीच्या रेंजवर सराव करणाऱ्यांपासून ठाणे-पनवेलकडच्या क्लबांतल्या मुलामुलींपर्यंत, आणि ज्यांच्या खिशाला कात्री लागते त्या पालकांपर्यंत, सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. स्प्रिंगच्या रायफलीला जिथे वेगळा नियम लागतो तिथे तसं सांगितलं आहे.

मुळात छर्रा शोधावा का लागतो? चांगल्या कंपनीचा महागडा डबा घेतला की झालं ना?

नाही. दोन रायफली एकाच कारखान्यातून, एकाच महिन्यात बाहेर पडलेल्या असोत, त्यांच्या नळ्या आतून तंतोतंत सारख्या नसतात. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा असतो, पण छर्रा शिशाचा आणि मऊ असतो. त्याचं डोकं नळीतल्या आट्यांत (पिळदार खाचांत) किती घट्ट बसतं आणि मागचा पोकळ घेर, म्हणजे स्कर्ट, हवेच्या दाबाने किती फुलतो, यावर तो नळीच्या तोंडातून सरळ निघतो की किंचित डगमगत, हे ठरतं. त्यामुळे शेजारच्या लेनवरच्या मुलीला जो डबा सोन्यासारखा लागला तोच तुमच्या रायफलीत पसरट ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉट्सचा झुबका) देऊ शकतो. ‘सर्वांत चांगला छर्रा कोणता’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘या नळीला कोणता’ याला आहे.

ठासणीच्या बंदुकीत दारूचं माप कमी-जास्त करून नेम बसवतात. आपल्याकडे तसं काही करता येतं का?

ठासणीच्या बंदुकीत दारूचं वजन, गोळीचा व्यास, गोळीभोवतीच्या फडक्याची जाडी, ठासण्याचा दाब, असं बरंच काही नेमबाजाच्या हातात असतं. एकेक गोष्ट बदलून, बाकीच्या स्थिर ठेवून ग्रुप पाहायचा, ही तिथली शिस्त. एअर रायफलमध्ये हातात उरतात फक्त छर्रा, त्याच्या डोक्याचा व्यास, त्याचा लॉट (एका वेळी एकत्र बनलेली खेप) आणि थोड्या प्रमाणात वेग. शिस्त मात्र तीच: एका वेळी एकच गोष्ट बदला. छर्राही बदलला, स्क्रूही आवळले आणि सिलिंडरही नवा लावला, तर सुधारणा कशामुळे झाली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

चुकीच्या छर्ऱ्याने खरंच किती गुण जातात?

याचा हिशोब मांडता येतो, आणि तो मांडल्यावर बऱ्याच जणांचा खर्च वाचतो.

१० मीटरच्या लक्ष्यावर १०चा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्ऱ्याचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ०.२५ मिमीच्या आत पडलं तर १०.९, आणि पुढे दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण कमी. २.५ मिमीपर्यंत १०.०.

समजा एका नेमबाजाचा स्वतःचा विखुरलेपणा, म्हणजे केंद्रापासूनचं सरासरी अंतर, दीड मिलिमीटर आहे. हा ६० शॉट्समध्ये ६२०च्या आसपास खेळणारा खेळाडू. रायफल आणि छर्ऱ्याचा विखुरलेपणा यात सरळ मिळवायचा नसतो. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. चांगल्या छर्ऱ्याचा विखुरलेपणा ०.४ मिमी धरला तर एकूण १.५५ होतो. न मानवणाऱ्या छर्ऱ्याचा ०.९ धरला तर १.७५. फरक ०.२ मिमी, म्हणजे शॉटमागे ०.०८ गुण. ६० शॉट्सना साधारण पावणेपाच गुण. राज्य स्पर्धेत एवढ्यात माणूस फायनलच्या यादीतून कुठल्या कुठे जातो.

आता नवशिक्याचं पाहा. त्याचं सरासरी अंतर ४ मिमी. चांगला छर्रा असेल तर ४.०२, वाईट असेल तर ४.१०. साठ शॉट्सना फरक जेमतेम दोन गुण. त्याचे बाकीचे गुण ट्रिगर, श्वास आणि उभं राहण्यात अडकलेले आहेत. त्याने टेस्टिंगचे पैसे सरावाच्या डब्यांवर घालवावेत. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण रेंजवर आठवड्यातून एकदा तरी खरी होते.

२०१३ पासून पात्रता फेरीही दशांश गुणांवर आली, तेव्हापासून या सगळ्याला जास्त किंमत आली. त्याआधी १०.० आणि १०.९ दोन्ही दहाच. नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० केले ते त्या मोजणीत. आज पूर्ण गुण म्हणजे ६५४, आणि तिथे प्रत्येक पाव मिलिमीटर मोजला जातो.

डब्यावरचे आकडे वाचायचे कसे?

वजन आधी पाहा. रायफलीसाठी बहुतेक मॅच छर्रे ०.५३ ग्रॅमचे असतात. ०.४९ ग्रॅमचेही मिळतात. ०.४५ ग्रॅमचे सहसा पिस्तुलासाठी. दुकानात गर्दीत उलटसुलट डबा उचलला जातो आणि मग ‘झिरो (साइटची बसवलेली जुळणी) का हलला’ म्हणून डोकं खाजवत बसावं लागतं. दोन्ही डबे दिसायला जवळपास सारखे असतात.

मग डोक्याचा व्यास: ४.४९, ४.५०, ४.५१ असे. काही कंपन्या ४.४८ किंवा ४.५२ही देतात. हा आकडा अंदाजापुरता धरा. ‘माझ्या रायफलीला ४.५० लागतो’ हे विधान एका कंपनीच्या एका लॉटपुरतंच खरं असतं. दुसऱ्या कंपनीचा ४.५० वेगळ्या साच्यातून, वेगळ्या मिश्रधातूतून आलेला असतो.

सर्वांत महत्त्वाचा आकडा बहुधा सर्वांत बारीक छापलेला असतो: लॉट नंबर. टेस्ट केली जाते ती लॉटची, ब्रँडची नव्हे. आरडब्ल्यूएसचा आर१०, एच अँड एनचा फिनाले मॅच, जेएसबी, क्यूवायएस, ही सगळी नावं शोध कुठून सुरू करायचा एवढंच सांगतात. लॉट नंबरचा फोटो काढून ठेवा, कारण डब्याचं झाकण हरवतं आणि स्टिकर घामाने पुसलं जातं.

टेस्ट कशी करायची? पायरीने सांगा.

आदल्या दिवशी नळी साफ करा आणि नंतर ३०-४० शॉट मारून ठेवा. स्वच्छ नळी पहिले काही शॉट इकडेतिकडे टाकते. आतून शिशाचा पातळ थर बसला की ती स्थिरावते. टेस्टच्या दिवशी सफाई नको.

रायफल वाईसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) धरा. पकड ॲक्शनवर (नळी आणि ट्रिगर जिथे जोडलेले असतात त्या धातूच्या मधल्या भागावर), दस्त्यावर नाही आणि नळीवर तर मुळीच नाही. नळीला बाहेरून लागलेला कोणताही दाब ग्रुप हलवतो. ॲक्शनसाठी त्या मॉडेलचा जबडा मिळतो तो वापरा. नुसती रबरी पट्टी लावून सुताराच्या शिकंज्यात आवळू नका, सिलिंडर किंवा लोडिंगचा भाग वाकडा होईल. वाईस ज्या टेबलावर असेल ते टेबल जमिनीला बोल्टने घट्ट हवं. टेबल हलत असेल तर तुम्ही छर्रा नाही, टेबल टेस्ट करताय.

सहा ते आठ लॉट घ्या. प्रत्येकाचे आधी ५ शॉट वाया घालवा, कारण नळीत आधीच्या छर्ऱ्याचं शिसं असतं. मग १० शॉटचा ग्रुप. सगळे लॉट झाले की दुसरी फेरी उलट क्रमाने: अ, ब, क, ड आणि मग ड, क, ब, अ. सकाळ ते दुपार हवा तापते, सिलिंडरचा दाब उतरतो. उलटा क्रम लावला की हे फरक सगळ्यांवर सारखे वाटले जातात. आठ लॉट, प्रत्येकी १५ शॉट, दोन फेऱ्या: २४० छर्रे. त्यातून तीन निवडा आणि प्रत्येकाचे आणखी तीन ग्रुप घ्या.

डब्यांवर कागद चिकटवून कोडनंबर टाका आणि कोणता कोड कोणाचा हे दुसऱ्या कोणाला तरी माहीत असू द्या. महागड्या डब्याला डोळे आपोआप झुकतं माप देतात.

५ शॉटचा ग्रुप पुरत नाही का? कारखान्याच्या कार्डवर तर ५च भोकं असतात.

कार्ड रायफलीचं प्रमाणपत्र आहे, लॉटची तुलना नाही. नुसत्या योगायोगाने ५ शॉटचा ग्रुप सुंदर येऊ शकतो. शिवाय शॉट वाढले की ग्रुप मोठा होतोच: त्याच रायफलीचा, त्याच छर्ऱ्याचा १० शॉटचा ग्रुप ५ शॉटच्या सरासरी ग्रुपपेक्षा साधारण पाव हिश्शाने मोठा असतो. म्हणून एकाचा ५चा आणि दुसऱ्याचा १०चा ग्रुप शेजारी ठेवून भांडू नये.

ग्रुप मोजायचा कसा?

कागदावर असेल तर व्हर्नियरने दोन टोकांच्या भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा, आणि केंद्र ते केंद्र अंतर हवं असेल तर त्यातून ४.५ मिमी वजा करा. भोक छर्ऱ्यापेक्षा किंचित लहान दिसतं, कारण कागद परत आत येतो. शिशाची काळी कड जिथे संपते तिथे व्हर्नियर टेकवा. कागद जाडसर घ्या आणि मागे पुठ्ठा लावा, नाहीतर भोकं फाटतात आणि मोजमाप म्हणजे कल्पनाविलास होतो.

चांगल्या मॅच रायफलीत, मानवलेल्या छर्ऱ्याचा १० शॉटचा ग्रुप कडेपासून कडेपर्यंत साडेपाच मिमीच्या आसपास यायला हवा, म्हणजे केंद्र ते केंद्र एक मिलिमीटर. ६.५च्या पुढे जात असेल तर लॉट बाजूला ठेवा.

इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर प्रत्येक शॉटचे एक्स-वाय आकडे घ्या, ग्रुपचं केंद्र काढा आणि प्रत्येक शॉटचं त्या केंद्रापासूनचं सरासरी अंतर काढा. ग्रुपचा व्यास दोनच शॉटवर ठरतो, बाकी आठ शॉट काय म्हणतात ते तो ऐकतच नाही. सरासरी अंतर दहाही शॉट ऐकतं.

निवड करताना एकमेव सुंदर ग्रुपावर भाळू नका. समजा एका लॉटचे ग्रुप ५.३, ५.६, ५.४ आले आणि दुसऱ्याचे ५.१, ६.२, ५.५. भिंतीवर लावायला दुसऱ्याचा ५.१ छान आहे. स्पर्धेला पहिला न्या.

ग्रुपच्या आकारावरून बिघाड ओळखता येतो का?

बऱ्याचदा येतो, आणि हे शिकून घेतलं तर छर्ऱ्यावर उगाच खापर फुटत नाही.

उभी रेघ: वेग कमी-जास्त होतोय. १० मीटर पार करेपर्यंत छर्रा सुमारे १७-१८ मिमी खाली येतो. वेग १७० वरून १६८ मीटर प्रति सेकंद झाला तर ०.४ मिमी जास्त खाली, म्हणजे दीड दशांश गेला. आधी क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, लावा. वेग हलत असेल तर रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) पाहा. बराच वेळ थांबल्यानंतरचा पहिला शॉट नेहमी वर जात असेल, तर रेग्युलेटरच्या सीलमधून हवा हळूहळू झिरपून आतल्या चेंबरचा दाब वाढतोय. हे काम कंपनीच्या सर्व्हिसचं. रेग्युलेटर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडू नका. आत दाबाखालची हवा आहे.

आडवी रेघ: वाईसमध्ये आली तर पकड किंवा ॲक्शनचे स्क्रू. खांद्यावरून मारताना आली तर ट्रिगर बाजूला ओढला जातोय, किंवा रायफल तिरकी धरली जातेय. पाच अंशांनी जास्त तिरकी झाली तर शॉट दीड मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे सहा दशांश. हे माहीत नसल्याने कित्येक जण चांगले लॉट फेकून देतात.

दोन वेगळी झुबकी: काहीतरी दोन जागांवर बसतंय. ॲक्शनचा स्क्रू, साइटचा पाया, नळीवरची वजनं, नळीचं तोंड झाकणारी नळकांडी, सगळं तपासा. स्क्रू टॉर्कच्या पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यालाच आवळा. ‘हाताला घट्ट लागला’ हे माप नाही.

नऊ एकत्र आणि एक पळालेला: बहुधा दबलेला स्कर्ट. पण तोच प्रकार प्रत्येक ग्रुपात एकदा होत असेल तर तो अपवाद नाही, त्या लॉटचा स्वभाव आहे. ‘तो एक सोडला तर’ असं म्हणून ग्रुप मोजू नका. स्पर्धेत तो एक कोणी सोडत नाही.

सगळेच लॉट खराब येतायत. आता?

मग दोष छर्ऱ्यात नाही. आठपैकी आठ लॉट वाईट असणं जवळजवळ अशक्य आहे. वरचे स्क्रू झाले की ब्रीचची, म्हणजे छर्रा भरतो त्या नळीच्या मागच्या टोकाची, रबरी रिंग तपासा: टिश्यू पेपरची बारीक पट्टी ब्रीचच्या फटीजवळ धरा आणि वाईसमधून शॉट मारा, अर्थात बोटं आणि तोंड दूर ठेवून. पट्टी फडफडली तर हवा गळतेय. रिंग स्वस्त असते, बदलायला पाच मिनिटं लागतात. त्यानंतर नळीच्या तोंडाची कड भिंगातून पाहा. तिथे ओरखडा असेल तर कोणताही छर्रा उपयोगाचा नाही.

वेग वाढवला तर अचूकता वाढेल का?

१० मीटरला नाही. मॅच रायफली साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद वेगावर जुळवलेल्या असतात. ०.५३ ग्रॅमचा छर्रा १६८च्या वेगाने निघाला तर ऊर्जा साडेसात ज्यूल होते, आणि जर्मनीत बनणाऱ्या रायफली त्याच मर्यादेच्या आसपास ठेवलेल्या असतात. वेग वाढवला तर धक्का वाढतो, सिलिंडर लवकर संपतो, आणि हातात काही पडत नाही. लॉट निवडून झाल्यावर, हाती क्रोनोग्राफ असेल आणि कोच सोबत असेल, तर पाच-सहा मीटर प्रति सेकंद खाली-वर करून पाहायला हरकत नाही. पण बहुतेकांनी तो स्क्रू आहे हे विसरून जावं.

क्रोनोग्राफबद्दल एक: प्रकाशावर चालणारे स्वस्त क्रोनोग्राफ ट्यूबलाइटखाली वेडेवाकडे आकडे दाखवतात, कारण ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. दिवसाच्या उजेडात वापरा किंवा स्वतःचा प्रकाश असलेला घ्या. १० शॉटमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगात २-३ मीटर प्रति सेकंदांपेक्षा जास्त फरक नको.

छर्रे वजन करून निवडावेत का?

काटा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा असेल तरच. झवेरी बाजाराच्या आसपास सोन्याच्या कामाचे असे काटे मिळतात. ०.०१ ग्रॅमपर्यंतचा काटा इथे कुचकामी, कारण ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्यात ०.०१ म्हणजे जवळपास दोन टक्के. वजनात एक टक्का फरक असेल तर वेगात अर्धा टक्का फरक पडतो आणि लक्ष्यावर ०.१७ मिमी. चांगल्या मॅच डब्यात याहून मोठे फरक क्वचितच निघतात. त्यामुळे मॅचच्या लॉटसाठी वजनापेक्षा डोळ्यांनी तपासणी जास्त कामाची: स्कर्ट दबलेला, कडेला शिशाचा कण लटकलेला, डोक्यावर चरा, असे छर्रे सरावाच्या वाटीत. १०० छर्रे पाहायला दहा मिनिटं लागतात. परीक्षेआधी पेन तपासतो तसं.

छर्रे धुवायचे, तेल लावायचं?

मॅच छर्रे डब्यातून जसे येतात तसे वापरा. त्यांच्यावर कंपनीने दिलेला अतिशय पातळ थर असतो, धुतला की तो जातो आणि तुम्ही टेस्ट केलेला छर्रा उरत नाही. तेलाचं तर नावच काढू नका. दाबाखालच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं. स्प्रिंगच्या रायफलीत तेलाचा थेंब चेंबरमध्ये गेला तर ‘फाट’ असा आवाज, धूर आणि वेगाचा भडका होतो, सीलही जळतं.

नळी किती वेळा साफ करावी?

मॅन्युअल जे म्हणतं ते. साधारण एक डबा, म्हणजे ५०० शॉट, हा टप्पा बऱ्याच जणांना सोयीचा पडतो. फेल्टच्या गोळ्या ब्रीचकडून घाला, दोन-तीन एकदम. नायलॉनच्या दोरीने ओढायचं असेल तरी दिशा ब्रीचकडून तोंडाकडेच. तोंडाकडून लोखंडी दांडी घालणारा माणूस दिसला तर त्याला प्रेमाने थांबवा. स्प्रिंगच्या रायफलीत हलकी फेल्ट गोळी मारणं म्हणजे रिकामा बार काढण्यासारखं असतं, पिस्टन आदळतो. तिथे दांडीनेच ढकला.

मुंबईच्या दमट हवेचा काय परिणाम होतो?

रायफलीवर गंज, छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी. दमट हवेत शिसं पांढरं पडतं. नव्या प्लायवूडच्या किंवा लाकडी कपाटातून जे आंबूस वास येतात, त्यातल्या आम्लांनी ते अधिकच लवकर होतं. डबा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. पुडीतले निळे दाणे गुलाबी झाले की बदला किंवा मंद आचेवर सुकवा. पांढरे पडलेले छर्रे पुसून वापरू नका, ती भुकटी विषारी आहे. फेकतानाही हात धुवा. एरवीही छर्रे हाताळल्यावर वडापाव खाण्याआधी साबणाने हात धुणं सक्तीचं समजा.

जुलैत वातानुकूलित हॉलमधून रायफल बाहेर काढली की लोखंडावर पाणी जमतं. केस वीस-पंचवीस मिनिटं न उघडता ठेवा, मग काढा. सिलिंडर हातपंपाने भरणाऱ्यांनी पावसाळ्यात विशेष जपावं, कारण पंप ओली हवा आत ढकलतो. आर्द्रता शोषणारा फिल्टर लावा, नाहीतर सुकी हवा देणाऱ्याकडून भरून घ्या. सिलिंडर बहुतेक २०० बारपर्यंतच भरायचा असतो, आणि त्याच्यावर मुदत कोरलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर ‘अजून चांगला आहे’ म्हणून वापरू नये.

लोकलने जाताना छर्रे खराब होतात का?

हो. अर्धा भरलेला डबा विरार लोकलमध्ये तासभर खडखडला की स्कर्ट दबतात. झाकणाखाली स्पंजचा गोल तुकडा कापून बसवा, छर्रे हलायला जागाच ठेवू नका. स्पर्धेचे छर्रे खाचा असलेल्या ट्रेमध्ये वेगळे न्या. विमानाने जायचं असेल तर सिलिंडर रिकामा करून रायफलीपासून वेगळा करावा लागतो. पोचल्यावर भरून, आधी १०-१५ शॉट मारून मगच झिरोला हात लावा.

फ्लॅटमध्ये किंवा सोसायटीच्या गच्चीवर टेस्ट केली तर?

गच्चीवर अजिबात नाही. ४.५ मिमीपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल भारतात परवान्याविना ठेवता येते, पण त्याचा अर्थ ती कुठेही चालवता येते असा नाही. इतरांच्या जिवाला धोका होईल असं वागणं हा वेगळा गुन्हा आहे. शिवाय वाऱ्यात केलेली टेस्ट ही वाऱ्याची टेस्ट. घरात १० मीटर मोकळी सरळ लांबी कोणाकडे असते? ५ मीटरवर सगळेच छर्रे सारखे गोड दिसतात. रेंजवर या.

किती डबे विकत घ्यावेत?

एका स्पर्धेत ६० शॉट, सरावाचे २०-२५ आणि फायनल गाठली तर २४. म्हणजे सुमारे ११०. वर्षाला दहा स्पर्धा धरल्या तर ११००. त्याआधीच्या आठवड्यांत त्याच लॉटने सराव करायचा, हे धरून मॅच लॉटचे सहा-सात डबे पुरतात. रोज १०० ते १५० शॉट, आठवड्यातून पाच दिवस, असा सराव असेल तर वर्षाला ५० ते ७५ डबे जातात. ते सगळे मॅच लॉटचे घेणं म्हणजे पैशांची धूळधाण. सरावाला त्याच वजनाचा स्वस्त छर्रा चालतो, फक्त ग्रुपचं केंद्र कुठे सरकतं ते नोंदवून ठेवा.

टेस्टनंतर लगेच विकत घ्या. चांगला लॉट दुकानात पंधरा दिवसही थांबत नाही, आणि आयात केलेला माल पुन्हा तोच येईल याची खात्री नाही.

.२२ रायफलीच्या गोळ्यांनाही हेच लागू का?

तत्त्व तेच, पण ५० मीटरला लॉटचा फरक कितीतरी ठळक दिसतो. एली आणि लापुआ या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या टेस्ट सेंटरवर रायफल नेऊन तिथल्या वाईसमध्ये लॉट निवडता येतो. तिथे परवाना आणि आयातीची कागदपत्रं हा मोठा विषय आहे, त्यासाठी राज्य संघटनेशी बोला.

लॉट संपत आला आहे. नवा कधी शोधायचा?

दोन डबे उरले की. त्यातले १०० छर्रे नवीन टेस्टसाठी राखून ठेवा. नवे लॉट आपसांत तोलून उपयोग नाही, जुन्या ओळखीच्या लॉटशेजारी त्याच दिवशी, त्याच वाईसमध्ये तोला. सगळे नवे लॉट जुन्याच्या मागे पडले तर एकदा नळी साफ करून टेस्ट पुन्हा घ्या. तरीही तसंच आलं आणि जुन्याचाच ग्रुप पूर्वीच्या नोंदीपेक्षा पसरलेला असला, तर रायफल सर्व्हिसला पाठवा.